म्हैस तरीही का उठत नाही? विनोदी कथाकवितेतलं यमक, वृत्त आणि पालुपद

'यमकामुळे कवितेला नादमाधुर्य प्राप्त झाले आहे.' दहावीच्या रसग्रहणात हे वाक्य हमखास सापडतं. त्यात चूक काही नाही. पण ते कुठल्याही कवितेला चिकटवता येतं, आणि जे सगळ्या कवितांना लागू पडतं ते हातातल्या एका कवितेबद्दल काहीच सांगत नाही. विनोदी कथाकवितेत तर या वाक्याने नुकसानच होतं. हसू कधी फुटणार आणि नेमक्या कुठल्या शब्दावर फुटणार, हे अशा कवितेत यमक, वृत्त आणि पुनरावृत्ती मिळून ठरवतात. नादमाधुर्य म्हणून मोकळं झालं की हे सगळं कामकाज नजरेआड होतं.

हे कामकाज दाखवायला एक पूर्ण कविता समोर हवी, म्हणून या लेखापुरती एक रचली आहे. कोल्हापूरकरांना प्रसंग वेगळा सांगायला नको. दिवाळीत इथे म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवतात, त्यांना मोरपिसं बांधतात, आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागे म्हशी पळवतात. कवितेतल्या आबांची म्हैस पंचगंगेच्या घाटावर पाणी पिऊन अशीच थाटात निघाली आहे.

आबांची ती काळी राणी
घाटावरती पिऊन पाणी
थाट तिचा तो राजेशाही,
बसली मधेच, उठतच नाही!

पोरे आली गाड्या घेउन,
फटफट केली कानामागुन,
धूर पसरला दिशांत दाही,
म्हैस तरीही उठतच नाही!

शिट्टी फुंकुन पोलिस दमला,
पेठेमधला जो तो जमला,
सल्ला देई, करी न काही,
म्हैस तरीही उठतच नाही!

आबा म्हणती, 'ऊठ ग बाळे,
बंद करी हे नसते चाळे!
अंबाबाई! त्राही! त्राही!'
म्हैस तरीही उठतच नाही!

बसले आबा, थकून गेले,
म्हशीस टेकुन निजून गेले.
तोच घरातुन आली काकू,
हळूच म्हणते, 'सरकी टाकू?'

राणी उठली, धावत सुटली,
गर्दीची मग कोंडी फुटली,
जो तो गेला दिशांत दाही,
आता आबा उठतच नाही!

आधी मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेल्या कवितेचं वृत्त हाताला लागत नाही. वाचताना मांडीवर ठेका धरलात तर प्रत्येक ओळीत चार ठोके पडतात, आणि कुठल्याही ओळीत त्यांत कमी-जास्त होत नाही. हा ठेका मात्रांचा आहे.

मात्रा म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ. ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची 1 मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या 2. अनुस्वार असलेलं अक्षर गुरू धरतात, म्हणून 'फुंकुन'मधल्या 'फुं'च्या 2 मात्रा. जोडाक्षराचा जोर मागच्या ऱ्हस्व अक्षरावर पडला तर तेही गुरू होतं. 'शिट्टी' म्हणताना 'शि'वर दाब येतो, 'सल्ला' म्हणताना 'स'वर. तो दाब जिभेला जाणवतो, नियम पाठ असायची गरज नाही. उलट 'हळूच म्हणते' म्हणून पाहा. 'म्ह' दिसायला जोडाक्षर आहे, पण 'च'वर काही दाब येत नाही. तो लघूच राहतो. म्ह, न्ह, ल्ह ही अक्षरं मराठीत अशी हलकी आहेत, आणि मात्रा मोजताना नवखा माणूस बहुतेक वेळा इथेच फसतो.

आता एक ओळ जवळून पाहू. पालुपदाचीच घेऊ.

म्है 2, स 1, त 1. झाल्या 4.
री 2, ही 2. झाल्या 4.
उ 1, ठ 1, त 1, च 1. झाल्या 4.
ना 2, ही 2. झाल्या 4.

एकूण 16. कवितेतली प्रत्येक ओळ अशी 16 मात्रांची आहे आणि चार-चारच्या चार गटांत पडते. या चालीला पादाकुलक म्हणतात. मराठीतली कितीतरी बालगीतं आणि कथागीतं याच चालीवर आहेत.

पण 16 हा आकडा मिळाला म्हणजे विश्लेषण झालं असं समजू नका. खरी गोष्ट पुढे आहे. तिसरा गट पाहा, 'उठतच'. चार सुटे लघू. जीभ भरभर पुढे जाते, कुणीतरी उठण्यासाठी धडपडतंय असं वाटतं. आणि लगेच 'नाही', दोन जड गुरू. धडपड तिथेच खाली बसते. म्हैस उठायला बघते आणि पुन्हा बसकण मारते, असा अख्खा प्रसंग या आठ मात्रांत घडून जातो. 'म्हैस काही केल्या उठत नव्हती' हे गद्य वाक्य तीच माहिती देतं, पण त्यात ही हालचाल नाही.

मात्रावृत्तात मात्रा ठरलेल्या असतात, अक्षरांची संख्या ठरलेली नसते. त्यामुळे कवीला ओळीचं वजन बदलता येतं. 'आबांची ती काळी राणी' या ओळीत अक्षरं फक्त 8, आणि आठही गुरू. ओळ म्हशीसारखी डुलत, जड पावलं टाकत येते. 'बसली मधेच, उठतच नाही' यात मात्रा तेवढ्याच, पण अक्षरं 12. तिचं बसणं झटक्यात होतं, कुणाला अंदाज येण्याआधी. आणि 'अंबाबाई! त्राही! त्राही!' ही पुन्हा आठ गुरूंची ओळ. आबा हात जोडून, एकेक अक्षर ताणून देवीला हाक मारताहेत. अशा ओळी सापडल्या की थांबावं. कवितेत सरसकट काय आहे त्यापेक्षा एखादी ओळ शेजारणीहून वेगळी कुठे पडते, ते शोधण्यात जास्त सापडतं.

मराठी पद्याची ही मोजदाद ज्यांनी शास्त्रशुद्ध पायावर उभी केली ते माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवत. 'छंदोरचना' या ग्रंथात त्यांनी मराठी पद्याचे तीन वर्ग केले. अक्षरांच्या संख्येवर चालतो तो छंद, मात्रांवर चालते ती जाती, आणि लघू-गुरूंचा क्रमच जिथे ठरलेला असतो ते वृत्त. बोलताना आपण तिघांनाही वृत्तच म्हणतो, या लेखातही तसंच म्हटलं आहे, पण फरक ठाऊक असावा. मात्रावृत्तात, म्हणजे जातीत, कवीला अक्षरांची मोकळीक असते, लघू-गुरूंचा क्रम ठरलेल्या अक्षरगणवृत्तात ती नसते. जड ओळीशेजारी हलकी ओळ ठेवायची, हा वर सांगितलेला खेळ म्हणूनच मात्रावृत्तात खुलतो.

कवीने घेतलेली सवलतही डोळ्यांत भरू द्या. 'घेऊन'चं 'घेउन', 'मागून'चं 'मागुन' झालं आहे. शुद्धलेखनाच्या वहीत हे चुकीचं, कवितेत एक मात्रा वाचवण्यासाठी चालतं. 'गं'चं 'ग' त्याचसाठी. 'म्हणतात'ऐवजी 'म्हणती' आलं, तिथेही 5 मात्रांच्या 4 झाल्या, आणि आणखी एक फायदा झाला. म्हणती, देई, करी ही रूपं पोथीतली आहेत. रस्त्यात बसलेल्या म्हशीची कथा पोथीच्या थाटात सांगितली जाते, आणि विषय व भाषा यांच्यातलं हे अंतरच हसवतं.

आता यमक. कोल्हापूरकरांनी यमकाबद्दल बोलावं आणि मोरोपंतांचं नाव घेऊ नये हे बरं दिसणार नाही. 1729 साली त्यांचा जन्म पन्हाळ्याला झाला. आर्या म्हणजे मोरोपंत हे समीकरण आजही जुन्या माणसांच्या तोंडी असतं. त्यांच्या यमकांमागे शब्दांवरची हुकमत आहे आणि ती थक्क करते. विनोदी कवितेतल्या यमकाने थक्क करायची गरज नसते. त्याचं काम ऐकणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा तयार करणं. पहिल्या दोन ओळींत 'राणी' आणि 'पाणी' ऐकलं की कान तयार होतो, पुढेही जोडी येणार. मग 'शाही' आलं की कान 'ही'ची वाट पाहू लागतो, आणि 'नाही' येऊन ती पुरी करतो.

या कवितेत तिसऱ्या ओळीचा शेवट कायम 'नाही'शी जुळवायचा आहे. म्हणजे शेवटचा शब्द आधीच ठरलेला, आणि तिसऱ्या ओळीला त्याच्यासाठी जोडीदार शोधायचा. जोडीदार कोण येतात बघा: राजेशाही, दाही, काही, त्राही. दरबारी थाटातला शब्द, दिशा मोजणारा शब्द, रोजच्या बोलण्यातला 'काही', आणि स्तोत्रातला संस्कृत 'त्राही'. एरवी हे चौघे एका पंगतीला बसले नसते. एका 'नाही'साठी ते एकत्र येतात, आणि प्रत्येकाची मिजास त्या 'नाही'पाशी उतरते. राजेशाही थाट? नाही. देवीचा धावा? नाही. त्यामुळे 'कवितेत अंत्ययमक आहे' एवढ्यावर थांबू नये. कुठल्या थरातला शब्द कुठल्या थरातल्या शब्दाशी बांधला आहे, हे पाहिलं की विनोद दिसू लागतो.

'सल्ला देई, करी न काही' ही मला सगळ्यांत आवडती ओळ. ती दोन सारख्या अर्ध्यांत मोडते, 8 आणि 8. पहिल्या अर्ध्यात गर्दी बोलते, दुसऱ्या अर्ध्यात तिचं पितळ उघडं पडतं. रस्त्यावर काही अडलं की जमणाऱ्या मंडळींचं एवढं नेमकं वर्णन गद्यात करायला दोन-तीन वाक्यं लागली असती.

पुनरावृत्तीकडे येऊ. इथे थोडं जास्त रेंगाळायचं आहे, कारण रसग्रहणात तिला सर्वांत कमी जागा मिळते.

कथाकवितेत गोष्ट पुढे जायला हवी. पालुपद मात्र मागच्याच जागी परत आणतं. मग गोष्टीत पालुपद घालायचं कशाला? या कवितेत उत्तर सरळ आहे. प्रत्येक कडव्यात पहिल्या तीन ओळी धावपळ करतात, नवी माणसं आणतात, नवा उपाय करतात. चौथी ओळ जागची हलत नाही. म्हणजे पालुपद म्हशीसारखंच वागतं. पोरं आली, पोलिस आला, देवीचा धावा झाला, आणि ओळ होती तिथेच. म्हैस हटवादी आहे असं कवितेत कुठेही लिहिलेलं नाही. ते त्या ओळीच्या परत येण्यातून कळतं.

'म्हैस तरीही उठतच नाही' बरोबर तीन वेळा येते, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कडव्यात. पहिल्या कडव्यात 'तरीही' म्हणता येत नव्हतं, कारण तोवर कुणी काही केलेलंच नव्हतं. एकदा ऐकली ती घटना, दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा नमुना लक्षात येतो, तिसऱ्यांदा ऐकणारा स्वतःच म्हणू लागतो. पोवाड्यात झीलकरी 'जी जी रं जी' धरतात तेव्हा शाहिराला दम घ्यायला उसंत मिळते आणि श्रोतेही त्या सुरात ओढले जातात. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या कोल्हापूरला हे समजावून सांगायची गरज नाही. विनोदी कवितेचं पालुपद तीच भागीदारी उभी करतं. फरक एवढाच, की इथे त्या भागीदारीचा पुढे फायदा उठवला जातो. आखाड्यात मुरलेला मल्ल तीनदा एकाच बाजूने पकड घेतो, समोरचा त्या बाजूला सावध होतो, आणि चौथ्यांदा डाव दुसरीकडून पडतो. कवितेचंही तसंच आहे.

डाव कुठून पडतो? पाचव्या कडव्यातून. पालुपदाची वेळ होते आणि पालुपद येत नाही. चौथ्या ओळीत 'नाही' नाही. त्याजागी 'काकू' आणि 'टाकू', आणि ओळ प्रश्नावर संपते. कवितेत एवढा एकच प्रश्न आहे. ज्या कडव्यात पालुपद गैरहजर, त्याच कडव्यात गोष्टीची गाठ सुटते, हा योगायोग नाही. काय परत आलं ते मुलं नीट टिपतात. यायला हवं होतं आणि आलं नाही, ते टिपायची सवय लावायला हवी.

बाकी पुनरावृत्त्या छोट्या आहेत. 'थकून गेले, निजून गेले' यात 'गेले' दोनदा येऊन आबांना हळूहळू पेंगवतं. 'फटफट' आणि 'त्राही त्राही' ही साधी द्विरुक्ती. 'जो तो' मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिसऱ्या कडव्यात 'जो तो जमला', शेवटच्यात 'जो तो गेला'. 'दिशांत दाही'ही परत आलं आहे, आधी धूर पसरला होता, आता माणसं पांगली. धूर आणि सल्ले देणारी गर्दी यांना एकच शब्दजोडी देऊन कवितेने गर्दीबद्दलचं आपलं मत सांगून टाकलं आहे.

आणि मग शेवटची ओळ, 'आता आबा उठतच नाही'. दुसरा अर्धा जसाच्या तसा. पहिल्या अर्ध्यात म्हैस गेली, आबा आले. म्है 2, स 1, त 1, री 2, ही 2 यांच्या जागी आ 2, ता 2, आ 2, बा 2. आठच्या आठ मात्रा भरल्या, ठेका जराही चुकला नाही. ऐकणाऱ्याच्या ओठांवर 'म्हैस' तयार असते आणि कानावर 'आबा' पडतं.

पण इथे अजून एक गोष्ट घडली आहे, ती मराठी कानालाच कळते. वडीलधाऱ्या माणसाला आपण 'उठत नाहीत' म्हणतो. या कवितेनेही तोवर अदब पाळलीच होती. 'आबा म्हणती', 'बसले आबा', 'थकून गेले', सगळीकडे आदरार्थी बहुवचन. शेवटच्या ओळीत व्याकरणाने 'नाहीत' हवं. तसं लिहिलं तर एक मात्रा वाढते आणि 'दाही'शी यमक तुटतं. यमक आणि वृत्त दोघं मिळून आबांना एकवचनात खेचतात. एकवचनात आले की ते थेट म्हशीच्या पंक्तीला जाऊन बसतात, तेच क्रियापद, तोच प्रत्यय. कवितेत आबांना कुणी म्हैस म्हटलेलं नाही. रचनेच्या सक्तीने ते म्हणवून घेतलं. ओळ ऐकून आलेल्या हसण्यामागे 'नाहीत'मधला हा गळलेला 'त' आहे, आणि यमक-वृत्ताचं विश्लेषण केल्याशिवाय तो हाती लागत नाही.

कुठल्याही कवितेवर वापरण्याजोगी एक तपासणी यातून मिळते. शब्द बदलून पाहा. 'तरीही' काढून 'तरीसुद्धा' घाला. पहिला अर्धा 10 मात्रांचा होतो, जीभ अडखळते आणि 'उठतच' उशिरा पोचतं. 'सरकी'च्या जागी 'पेंड' घाला. अर्थाला धक्का नाही, पण एक मात्रा कमी पडते आणि काकूंचा प्रश्न तोकडा वाटतो. 'दमला' काढून 'थकला' लिहा. मात्रा तेवढ्याच राहतात, पण 'जमला'शी गाठ सैल होते, दोघांत फक्त शेवटचा 'ला' उरतो. ज्या शब्दाला हात लावल्यावर हसू पडतं तो शब्द कामाचा. त्याच्याबद्दल उत्तरपत्रिकेत लिहावं. ज्याला हात लावूनही काही बिघडत नाही, त्याच्यावर चार ओळी खर्च करू नयेत.

म्हणजे 'यमकामुळे नादमाधुर्य आले आहे' याच्या जागी असं काही लिहिता येतं: 'कडव्यांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नाही या शब्दाशी राजेशाही, त्राही असे भारदस्त शब्द जुळवल्यामुळे त्यांचा भारदस्तपणा फोल ठरतो आणि विनोद निर्माण होतो. पाचव्या कडव्यात हे यमक टाळल्याने कलाटणीची चाहूल लागते.' दोनच वाक्यं, पण ती दुसऱ्या कुठल्या कवितेला चिकटणार नाहीत.

वर्गात किंवा गणपतीच्या मांडवात अशी कविता म्हणून दाखवणाऱ्यांना एक विनंती. शेवटच्या ओळीआधी थांबू नका. पुष्कळ जण तिथे थांबून श्रोत्यांकडे बघतात, आता हसायचं आहे असं डोळ्यांनी सांगतात. त्या थांबण्याने ठेका मोडतो, ऐकणारा सावध होतो आणि 'आबा' हा शब्द धक्का न देता येतो. 'दिशांत दाही' म्हटल्यावर पुढचा ठोका चुकवायचा नाही. 'आता आबा' त्याच लयीत, त्याच आवाजात म्हणायचं, म्हैस उठत नव्हती हे तीनदा ज्या सहजतेने सांगितलं त्याच सहजतेने. थांबायचं ते 'नाही' म्हणून झाल्यावर.